न दिसणाऱ्या दिव्याचा माग : विद्यार्थ्यांच्या अवरक्त शोधक यंत्राची ओळख

छत्रपती संभाजीनगर - दिवेलागणीनंतर गुलमंडीच्या चौकात उभे राहिल्यास डोळ्यांना दिसतो तो प्रकाश म्हणजे तेथील सारा प्रकाश नव्हे. दुकानांच्या पाट्यांवरील एलईडी दिवे दिसतात; परंतु दुचाकींच्या हॅलोजन दिव्यांतून बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश भाग डोळ्यांना जाणवतच नाही. शटरवर बसविलेल्या निगराणी कॅमेऱ्यांभोवतीचे बारीक दिवे रात्रभर समोरचा ओटा उजळतात, तेही जवळजवळ अदृश्य अशा प्रकाशाने. मिठाईच्या कढईखालची आच लांबूनही अंगाला लागते. या गर्दीत एखाद्या विद्यार्थ्याने हातात न दिसणारा एक छोटा दिवा धरावा आणि ओट्यावर ठेवलेल्या यंत्राने मान वळवीत नेमका त्याच दिव्याचा माग काढावा, ही कल्पना ऐकावयास सोपी वाटते. मेकॅट्रॉनिक्स, इलेक्ट्रॉनिक्स व इन्स्ट्रुमेंटेशनच्या विद्यार्थ्यांचा हा अनेक वर्षांचा आवडता प्रकल्प आहे. प्रयोगशाळेत तो लवकर चालू लागतो. चौकात मात्र तो चालत नाही, आणि तो का चालत नाही याचा शोध घेणे हाच या प्रकल्पाचा खरा अभ्यास होय.

'मेकॅट्रॉनिक्स' हा शब्द जपानमधील यास्कावा इलेक्ट्रिक या कंपनीतील अभियंते तेत्सुरो मोरी यांनी १९६९ मध्ये घडविला. कंपनीने तो आपल्या नावे नोंदविला होता; १९८२ मध्ये तिने त्यावरील हक्क सोडून दिला आणि शब्द सर्वांचा झाला. यंत्र, वीजमंडल आणि नियंत्रण या तिन्ही गोष्टी एकाच वस्तूत एकजीव होणे, हा त्याचा आशय. अवरक्त शोधक यंत्र हे त्याचे लहानात लहान उदाहरण म्हणावे लागेल. त्यात प्रकाश पाहणारा संवेदक आहे, निर्णय घेणारा सूक्ष्मनियंत्रक आहे आणि मान फिरविणारी मोटर आहे. यांपैकी एक भाग जरी चुकला, तरी दोष कोणत्या भागात आहे हे बाहेरून कळत नाही. मान थरथरते, एवढेच दिसते.

उष्णता व अवरक्त यांतील गल्लत

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लोलकातून पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात तापमापी ठेवून पाहिली. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. या शोधामुळे 'अवरक्त म्हणजे उष्णता' हे समीकरण पाठ्यपुस्तकांत रुजले आणि विद्यार्थ्यांची पहिली फसगत तेथेच होते. दूरचित्रवाणीच्या रिमोटमध्ये असतो तो अवरक्त एलईडी ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतो. माणसाच्या शरीरातून निघणाऱ्या उष्ण किरणांचा भर दहा हजार नॅनोमीटरच्या आसपास असतो. दोन्हींना अवरक्तच म्हणतात. पण त्यांच्यात दहा पटींहून अधिक अंतर आहे. सिलिकॉनचा प्रकाशसंवेदक सुमारे ११०० नॅनोमीटरच्या पुढे आंधळा होतो. त्यामुळे मिठाईवाल्याच्या कढईची आच किंवा समोर उभा असलेला माणूस या यंत्राला दिसत नाही. हॅलोजन दिवा आणि ऊन मात्र स्वच्छ दिसते.

उष्ण किरण पाहण्याची खरी सिद्धी सह्याद्रीतील चापड्यापाशी आहे. डोळा व नाकपुडी यांच्यामधील खळग्याने हा साप अंधारातही उबदार भक्ष्याची दिशा ओळखतो. अमेरिकेच्या नौदलासाठी विल्यम मॅक्लीन यांच्या चमूने विकसित केलेल्या आणि १९५३ मध्ये पहिल्यांदा लक्ष्यभेद करणाऱ्या क्षेपणास्त्राला 'साइडवाइंडर' हे नाव मिळाले ते याच कुळातील एका वाळवंटी सापाचे. विमानाच्या तप्त इंजिनाचा माग काढणाऱ्या त्या क्षेपणास्त्राच्या आरंभीच्या आवृत्त्यांत शिशाच्या सल्फाइडचा संवेदक होता. हेच संयुग निसर्गात गॅलेना या खनिजाच्या रूपाने आढळते आणि गॅलेनाच्या स्फटिकापासून विद्युतलहरी ओळखणारा संवेदक बनविल्याबद्दल आचार्य जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले होते.

या साऱ्या इतिहासाचा विद्यार्थ्याला उपयोग एवढाच, की आपल्या यंत्राला काय दिसते आणि काय दिसत नाही हे त्याने आधी ठरवावयास हवे. मेणबत्ती वा कावीळ उतरल्यासारखा पिवळा प्रकाश देणारा जुना तारेचा दिवा यांच्या मागे धावणारे यंत्र हे अवरक्त-शोधक नसून केवळ प्रकाश-शोधक ठरते. त्याचा पूर्वज म्हणजे इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे विल्यम ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास बनविलेली 'कासवे'. एकच प्रकाशविद्युत घट आणि दोन निर्वात नलिका एवढ्या सामग्रीवर ती दिव्याकडे सरकत जात. तो प्रयोग आजही थक्क करणारा आहे.

दोन डोळ्यांमधील भिंत

यंत्राच्या डोक्यावर दोन प्रकाशडायोड शेजारी शेजारी बसवितात आणि त्यांच्यामध्ये काळ्या पुठ्ठ्याची किंवा ॲक्रिलिकची उभी भिंत घालतात. दिवा नेमका समोर असेल तर दोन्ही डायोडवर सारखा प्रकाश पडतो. तो डावीकडे सरकला की भिंतीची सावली उजव्या डायोडवर पडते. दोन्ही मापांतील फरक शून्य होईपर्यंत मान फिरवीत राहावयाचे, एवढे हे तत्त्व आहे. वर-खाली हालचालही हवी असल्यास चार डायोड आणि अधिक चिन्हाच्या आकाराची भिंत लागते. पहिल्या प्रयत्नात चारांचा मोह टाळलेला बरा. आडव्या दिशेतच शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

भिंतीची उंची हा दुर्लक्षित राहणारा भाग आहे. उंच भिंत लावली तर दिवा थोडासा सरकताच सावली पडते. यंत्र तीक्ष्ण होते, पण त्याची नजर अरुंद होते. दिवा त्या अरुंद पट्ट्याबाहेर गेला, की कोणत्या बाजूस वळावे एवढेच त्याला कळते, किती वळावे ते कळत नाही. बुटकी भिंत याच्या उलट वागते. डायोडमधील अंतराच्या एक ते दीड पट उंचीपासून आरंभ करून पुठ्ठा थोडा थोडा कापीत जाणे ही जुनी रीत चांगली आहे. म्हणून पहिली भिंत ॲक्रिलिकची नव्हे, पुठ्ठ्याचीच असावी. लग्नपत्रिकेचा जाड कागद आतून काळा रंगवून घेतला तरी काम भागते. पांढरा वा चकचकीत पृष्ठभाग मात्र प्रकाश परतवून सावलीचा घात करतो. डोळ्यांना काळा दिसणारा प्रत्येक रंग वा कापड अवरक्त प्रकाशातही काळा असतोच असे नाही; काही काळी कापडे रात्रीच्या कॅमेऱ्यात राखाडी दिसतात, त्याचे कारण हेच. रिमोटचा झोत त्या वस्तूवर टाकून परतणारा प्रकाश मोजून पाहिला की शंका उरत नाही.

यानंतरची चूक गणिताची आहे. डाव्या मापातून उजवे वजा केले आणि आलेल्या फरकाच्या प्रमाणात मोटर फिरवली, अशी आज्ञावली बहुतेक जण प्रथम लिहितात. दिवा एक मीटरवर असताना डावीकडे ६०० आणि उजवीकडे ४०० असे माप आले, तर फरक २०० येतो. दिवा त्याच कोनात ठेवून दोन मीटरवर नेला, की प्रकाश चौथाई होतो. मापे १५० आणि १०० होतात आणि फरक ५० वर येतो. कोन तोच असताना यंत्राला मात्र दिवा चौपट समोर आल्यासारखा भासतो. म्हणून जवळच्या दिव्यापुढे मान थरथरते आणि दूरच्या दिव्यापुढे ती आळसावते. फरकाला दोन्ही मापांच्या बेरजेने भागले की दोन्ही वेळा उत्तर ०.२ येते आणि अंतराचा प्रश्न मिटतो. एका भागाकाराने होणारे हे काम अनेक अहवालांत महिनाभर मोटरचे मूल्यांक बदलत बसून केलेले आढळते.

काठोकाठ भरलेला पेला

आता गर्दीचा प्रश्न. उन्हाच्या ऊर्जेत अवरक्ताचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. वातावरणातील बाष्प ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश काही अंशी शोषून घेते, म्हणून त्या तरंगलांबीवर ऊन थोडे दुबळे असते. रिमोटसारख्या उपकरणांना ही तरंगलांबी सोयीची ठरते, याचे हेही एक कारण. तरीही खिडकीतून आलेल्या एका कवडशापुढे पाच मिलिमीटरच्या एलईडीचा पाड लागत नाही. काळ्या आवरणाचे डायोड घेतल्यास दृश्य प्रकाश गाळला जातो, हे खरे; पण उन्हातील अवरक्त भाग त्या काळ्या आवरणातूनही आरपार येतो.

यावरील उपाय सर्वांना ठाऊक असतो. दिवा सतत पेटता न ठेवता ठरावीक वेगाने लुकलुकता ठेवावा आणि यंत्राने केवळ लुकलुक मोजावी. ऊन लुकलुकत नाही. ठाऊक असूनही उपाय फसतो, त्याचे कारण संगणकाच्या पडद्यावर नसून एका रोधामध्ये असते. प्रकाशडायोडच्या मालिकेत १०० किलो-ओहमचा रोध आणि ५ व्होल्टचा पुरवठा असेल, तर मंडलातून ५० मायक्रोॲम्पिअरपेक्षा अधिक प्रवाह जाऊच शकत नाही. बीपीडब्ल्यू-३४ सारखा नेहमीच्या वापरातील डायोड उन्हात याच्या कितीतरी पट प्रवाह देऊ पाहतो. पेला उन्हानेच काठोकाठ भरला, की दिव्याची लुकलुक त्यात मावतच नाही. ती मोजली जाण्याआधीच नाहीशी झालेली असते आणि जे मापातच आले नाही, ते कोणत्याही आज्ञावलीने परत मिळविता येत नाही. रोध १० किलो-ओहम केल्यास मर्यादा दहापट वाढते. उघड्या उन्हात तोही अपुरा पडतो आणि १ किलो-ओहमपर्यंत उतरावे लागते. अर्थात रोध लहान केला की दिव्याचा संकेतही लहान होतो; म्हणून पुढे एक कपॅसिटर लावून स्थिर उजेड अडवायचा आणि केवळ हलणारा भाग एलएम-३५८ सारख्या प्रवर्धकाने वाढवायचा. उजेड अडविणे आधी आणि वाढविणे नंतर, हा क्रम उलटा करून चालत नाही.

लुकलुकण्याचा वेग किती ठेवावा, यातही मेख आहे. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने तारेचा दिवा व हॅलोजन सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात आणि त्या १०० च्या पटीतही थोडा थोडा संकेत सांडतो. विद्यार्थी सोयीसाठी नेमके १००० हर्ट्झ निवडतात, म्हणजे शत्रूच्या दहाव्या पायरीवरच जाऊन बसतात. त्याऐवजी १०५० घेतल्यास सर्वांत जवळच्या दोन पायऱ्या, १००० आणि ११००, दोन्हीकडे सारख्या अंतरावर राहतात. आर्डुइनो उनोवर एक माप घेण्यास सुमारे १०४ मायक्रोसेकंद लागतात. दोन डायोड आळीपाळीने वाचले तर प्रत्येकाची सेकंदाला सुमारे ४८०० मापे मिळतात. प्रत्येकी ९६ मापे गोळा केली की बरोबर २० मिलिसेकंदांचा तुकडा होतो. त्या तुकड्यातून १०५० हर्ट्झची तीव्रता तेवढी काढण्यासाठी गेराल्ड गर्ट्झेल यांनी १९५८ मध्ये मांडलेली रीत वापरतात; दूरध्वनीची कळ दाबल्यावर येणारा स्वर ओळखण्यासाठी हीच रीत प्रचलित झाली. तुकडा २० मिलिसेकंदांचा असल्यामुळे निवडलेल्या स्वरापासून ५० हर्ट्झ दूर असलेला संकेत त्या गणितात शून्य होतो. १००० आणि ११०० हे दोन्ही नेमके तेथेच आहेत. विजेच्या दिव्यांचा उपद्रव असा नुसत्या आकड्यांच्या निवडीने जातो.

या नेमकेपणाला एक किंमत आहे. दिव्याची लुकलुक ५५५ या जुन्या, विश्वासू चिपवर करण्याची परंपरा आहे. तिचा वेग एका रोधावर व एका कपॅसिटरवर अवलंबून असतो आणि दोन्ही तापमानानुसार सरकतात. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीपार गेलेला असताना, पाच टक्क्यांचा फरक अशक्य नाही. १०५० चे पाच टक्के म्हणजे सुमारे ५२ हर्ट्झ. ज्या जागी यंत्र मुद्दाम आंधळे केले, त्याच जागी आपला दिवा जाऊन उभा राहतो! जानेवारीत चाललेला प्रकल्प परीक्षेच्या दिवशी बंद पडला तर दोष नशिबाला देण्यापूर्वी हे तपासावे. दिव्याकडेही स्फटिकाच्या घड्याळावर चालणारा लहान सूक्ष्मनियंत्रक बसविणे हा त्यावरील सरळ मार्ग होय.

काळाने एक उपकार केला आहे. वीस वर्षांपूर्वी दुकाने तारेच्या दिव्यांनी व हॅलोजनने उजळत. त्यांच्या प्रकाशात अवरक्ताचा भाग मोठा असे. आजचे पांढरे एलईडी दिवे अवरक्त जवळजवळ देतच नाहीत. म्हणजे डोळ्यांना अधिक झगमगीत वाटणारी आजची पेठ या यंत्राच्या दृष्टीने पूर्वीपेक्षा अंधारी आहे. त्या जागी निगराणी कॅमेरे आले. त्यांपैकी अनेकांचे दिवे ८५० नॅनोमीटरचे असतात आणि अंधारात निरखून पाहिल्यास त्यांची फिकट तांबूस झाक दिसते. लुकलुक न ओळखणारे यंत्र रात्री हमखास कॅमेऱ्याकडे तोंड करून बसते.

रिमोटच्या संवेदकाचा मोह

रिमोटचे संकेत पकडणारा तीन पायांचा संवेदक, ज्याला टीएसओपी-१७३८ किंवा त्याच कुळातील नव्या आवृत्त्यांच्या नावाने ओळखतात, हा सोपा पर्याय वाटतो. प्रकाशडायोड, गाळणी, प्रवर्धक सारे त्यात तयार असते आणि ३८ किलोहर्ट्झखेरीज इतर लुकलुक तो सहसा ओळखत नाही. दूरचित्रवाणी संचांच्या दुरुस्तीची दीर्घ परंपरा असलेल्या या शहराला तो अपरिचित नाही. व्हिडिओकॉनचा चितेगाव येथील कारखाना संच बनवीत असे, त्या काळी घरोघरी रिमोट आले. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.

मात्र हा संवेदक 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगतो. किती आहे ते सांगत नाही. त्यामुळे दोन बाजूंच्या मापांतील फरक काढण्याचे वरील सारे गणित त्यावर लागू पडत नाही. शिवाय त्याच्यासमोर ३८ किलोहर्ट्झची लुकलुक अखंड चालू ठेवली तर तो तिला उपद्रव समजून आपली संवेदनशीलता कमी करीत जातो. रिमोट छोट्या छोट्या तुकड्यांत संकेत पाठवितो, त्या धाटणीसाठीच तो घडविलेला आहे. मान अर्धा क्षण दिव्याकडे वळते आणि मग भरकटते, अशी तक्रार असलेल्या प्रकल्पांत बहुधा हेच घडलेले असते. हा संवेदक वापरावयाचाच असल्यास दिवा तुकड्यातुकड्यांनी लुकलुकवावा आणि संवेदकाला मोटरने सतत इकडून तिकडे फिरवून संकेत कोणत्या कोनात सुरू झाला व कोणत्या कोनात संपला, त्याचा मध्य घ्यावा. ती रीत संथ आहे, पण प्रामाणिक आहे.

मोटरविषयी थोडक्यात. नऊ ग्रॅमची एसजी-९० सर्व्हो मोटर दर २० मिलिसेकंदांनी येणाऱ्या, साधारण एक ते दोन मिलिसेकंद रुंदीच्या स्पंदनावर आपला कोन ठरविते. अडकली तर ती अर्ध्या ॲम्पिअरहून अधिक प्रवाह ओढते. तिला सूक्ष्मनियंत्रकाच्या पाटीवरूनच वीज दिल्यास मान वळताक्षणी व्होल्टता कोसळते आणि सारे यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मोटरसाठी वेगळा पुरवठा आणि त्यावर हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवावा; दोन्ही पुरवठ्यांचे ऋण टोक मात्र एकत्र जोडावे. प्लास्टिकच्या दात्यांत थोडी ढिलाई असतेच, म्हणून फरक अगदी लहान असेल तेव्हा मोटरला हात लावू नये, अशी सूट आज्ञावलीत ठेवावी.

वाळूजच्या प्रेसवरील पडदा

विद्यार्थ्यांचे हे खेळणे ज्या तत्त्वावर चालते, त्याच तत्त्वावर कामगारांची बोटे वाचतात. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहती शहराभोवती आहेत. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुटे भाग बनविणारे उद्योग वाढले. पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसमध्ये हात अडकून होणारे अपघात या व्यवसायाला नवे नाहीत. आधुनिक प्रेससमोर अवरक्त किरणांचा पडदा असतो. एका खांबातून किरण निघतात, दुसऱ्या खांबावर पोहोचतात. हात मध्ये आला, किरण तुटला, की प्रेस थांबते.

येथे प्रश्न असा उद्भवतो, की हात मध्ये असतानाही दुसऱ्याच एखाद्या दिव्याचा प्रकाश ग्राहकावर पडला तर काय? ग्राहकाला वाटेल किरण शाबूत आहे, आणि प्रेस खाली येईल. म्हणूनच हे किरण स्थिर नसतात. ते एकामागून एक, ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या स्पंदनांनी सोडले जातात आणि ग्राहक आपल्या पाळीलाच आपला किरण पाहतो. अशा पडद्यांसाठी असलेल्या आयईसी ६१४९६ या आंतरराष्ट्रीय मानकात परक्या प्रकाशासमोरील वर्तनाच्या चाचण्या आहेत. दुसरी बाब म्हणजे प्रकाश मिळाला नाही, तार तुटली, वीज गेली, यांपैकी काहीही झाले तरी निर्णय 'थांबा' हाच असतो. शंका आली तर थांबणे हे त्या यंत्राच्या रचनेतच असते.

शोधक यंत्र बनविताना विद्यार्थ्याला हीच दोन शहाणपणे हाताने शिकावयास मिळतात. पदविकेच्या किंवा पदवीच्या अखेरच्या वर्षी प्रकल्प अनिवार्य असतो. तयार प्रकल्प विकत मिळण्याची सोयही आता सर्वत्र झाली आहे. अहवाल, मंडलाची आकृती, आज्ञावली व पेटीत बसविलेले यंत्र असे सारे एकत्र मिळते. अशा यंत्रात काळ्या पुठ्ठ्याच्या भिंतीची उंची कोणी बदलून पाहिलेली नसते. तोंडी परीक्षेत 'हा रोध एवढाच का?' या एका प्रश्नावर ते उघडे पडते, अर्थात तो प्रश्न विचारला गेला तर. सुट्या भागांचा खर्च दीड हजार रुपयांच्या आत भागतो. येथे बचत पैशाची होतच नाही. वाचतात त्या चार-सहा आठवड्यांच्या चुका, आणि उद्या प्रेसवरील पडदा जोडणाऱ्या वा तपासणाऱ्या तरुणाने त्या चुका आधी आपल्या टेबलावर केलेल्या असाव्यात. शहरात १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे. साधने व मार्गदर्शन यांची वानवा आहे, असे म्हणता येणार नाही.

स्पर्धांनीही या विषयाला बळ दिले. आशिया-प्रशांत देशांची रोबोकॉन स्पर्धा २००८ मध्ये पुण्यात झाली, तेव्हा तिचा विषयच गोविंदा आणि दहीहंडी हा होता. स्पर्धेचे यंत्र मात्र ठरलेल्या मैदानावर, ठरलेल्या दिव्यांखाली चालते. चौकातील यंत्राला ती सवलत नाही.

चाचणी कशी घ्यावी

दिवा पेटतो की नाही हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. जांभळट ठिपका दिसतो. काही मोबाइलच्या मागील कॅमेऱ्यात अवरक्त गाळणी कडक असते, तेव्हा पुढचा कॅमेरा वापरावा. अधिक शक्तीच्या अवरक्त दिव्याकडे जवळून रोखून पाहू नये. प्रकाश दिसत नसल्याने बाहुली आकसत नाही आणि डोळा स्वतःचे रक्षण करीत नाही.

पहिली चाचणी अंधाऱ्या खोलीत एक मीटरवरून घ्यावी. यंत्राची मान ज्या कोनात स्थिरावली तो कोनमापकाने मोजून प्रत्यक्ष कोनाशी ताडून पाहावा आणि दर दहा अंशांची नोंद ठेवावी. नंतर अंतर दोन, तीन, चार मीटर असे वाढवावे. त्यानंतर तारेचा दिवा शेजारी पेटवून तीच मापे पुन्हा घ्यावीत, मग खिडकीशेजारी, मग सावलीतील अंगणात आणि सर्वांत शेवटी उन्हात. कोठे यंत्र हरले ते आकड्यांत लिहावे. 'यंत्र समाधानकारक चालले' या वाक्यापेक्षा 'खिडकीशेजारी दोन मीटरपलीकडे दिवा सापडला नाही' हे वाक्य अहवालात अधिक मोलाचे आहे. गुलमंडीसारख्या पेठेत सायंकाळी एका ओट्यावर यंत्र ठेवून पाहिल्यास एकाच जागी हॅलोजन, कॅमेरे, पाट्या व माणसांची वर्दळ असे सारे मिळते. माणसे मध्ये आली की दिवा क्षणभर झाकला जातो, आणि ती चाचणी प्रयोगशाळेत सहसा कोणी घेत नाही.

दिवा झाकला गेल्यावर यंत्राने काय करावे, हा आज्ञावलीतील शेवटचा निर्णय. दोन्ही मापांची बेरीज अगदी लहान झाली, की वर सांगितलेला भागाकार अर्थहीन आकडे देऊ लागतो आणि मान वेड्यासारखी फिरते. बेरजेची एक किमान मर्यादा ठरवून घ्यावी. तिच्याखाली मोटर आहे तेथेच थांबवावी, एक-दोन सेकंद वाट पाहावी, आणि तरीही दिवा न आल्यास शेवटच्या दिशेपासून दोन्ही बाजूंना हळूहळू शोध सुरू करावा. ही मर्यादा दिवा विझवून घेतलेल्या मापांवरून काढावी. अंधाऱ्या खोलीतील मापांवरून ती ठरविल्यास ती चौकात पुरत नाही.